पक्षाघातानंतरची झोप: निपाणी तालुक्यातील एका रुग्णाचे प्रकरण

पक्षाघातानंतर रुग्ण दिवसा झोपून राहू लागला की घरच्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. उलट, मेंदूला विश्रांती मिळते आहे, झोपेल तितका लवकर बरा होईल, अशीच समजूत असते. ही समजूत आमच्या भागात इतकी रुजलेली आहे की झोपेची तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही, आणि पोहोचली तर बहुधा झोपेची गोळी देऊन तिथेच संपते. पुढे मांडलेल्या प्रकरणात याच दोन गोष्टींमुळे एका रुग्णाचे सुमारे दोन महिने वाया गेले, आणि मेंदू सावरण्याच्या दृष्टीने पक्षाघातानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत मोलाचे असतात. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण ५६ वर्षांचे शेतकरी. निपाणी तालुक्यातील एका खेड्यात त्यांची थोडी उसाची आणि थोडी तंबाखूची शेती आहे. शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. कन्नड बाजारापुरती आणि तालुक्याच्या कचेरीपुरती येते. घरात, शिवारात, भजनात सगळा व्यवहार मराठीत. शेतीपंपांची थ्री फेज वीज अनेकदा रात्रीच मिळत असल्यामुळे उसाला पाणी पाजायला रात्री शेतावर जाणे हा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. रात्री झोपमोड, पहाटे कडक चहा, दिवसभर तंबाखू-चुना आणि दुपारी जेवणानंतर तास-दीड तास झोप, अशी त्यांची दिनचर्या होती.

उच्च रक्तदाबाचे निदान सहा वर्षांपूर्वी झाले होते. गोळ्या एकावरून तीनवर गेल्या, त्यांत एक लघवी वाढवणारी होती, तरीही रक्तदाब १५० च्या खाली क्वचितच येई. वजन ८४ किलो, उंची १७० सेंटिमीटर, मानेचा घेर ४३ सेंटिमीटर. घोरणे इतके की पाहुणे आले की त्यांचे अंथरूण माळ्यावर किंवा शेजारच्या घरी टाकावे लागे. घरात तो थट्टेचा विषय होता; आजाराचे लक्षण म्हणून त्याकडे कुणी पाहिले नव्हते.

सप्टेंबरमधील एका रात्री दहाच्या सुमारास ते जेवून झोपले. पहाटे पाचला लघवीसाठी उठताना डावा पाय टेकेना, तोंड वाकडे झालेले. अंगावरून वारे गेले हे घरच्यांनी ताबडतोब ओळखले आणि मालिशवाल्याकडे न जाता गाडी काढली, हे त्यांचे शहाणपण. कोल्हापूर तिथून निम्म्याने जवळ, बेळगाव साधारण ७५ किलोमीटर. परंतु आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक कार्डाचा लाभ बेळगावात मिळेल म्हणून ते बेळगावच्या एका मोठ्या रुग्णालयात गेले. आठच्या आत पोहोचूनही रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध देता आले नाही. या औषधाची साडेचार तासांची मुदत रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या वेळेपासून मोजली जाते, आणि ती वेळ आदल्या रात्रीची दहा होती. अशा वेळी एमआरआयवरून घटना ताजी असल्याचे दिसल्यास औषधाचा विचार करता येतो, पण इथे मेंदूच्या उजव्या भागातील इजा एमआरआयमध्ये पूर्ण उमटलेली होती.

रक्तपुरवठा तुटल्याने होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे पाचवा हिस्सा असा झोपेतच होतो आणि जाग आल्यावर लक्षात येतो. झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराशी त्याचा संबंध असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून ‘पहाटे उठताना कळले’ ही माहिती वेळ नोंदवून बाजूला ठेवण्याची नव्हती. या रुग्णाच्या झोपेविषयी विचारण्याचे ते पहिले कारण होते.

नऊ दिवसांनी घरी सोडले तेव्हा ते आधार घेऊन दहा-बारा पावले चालत होते. डाव्या हाताची बोटे जेमतेम हलत. घरी सोडतानाच्या कागदावर गोळ्या, मीठ कमी, तंबाखू बंद, फिजिओथेरपी, पुढील तपासणीची तारीख, सगळे होते. झोपेविषयी एक ओळही नव्हती.

अडचण काय होती

पुनर्वसनासाठी ते आमच्याकडे आले तेव्हा पक्षाघाताला सहा आठवडे झाले होते आणि प्रगती थांबलेली होती. दुपारी तीनच्या व्यायामात खुर्चीवर बसवून डाव्या हाताने पेला उचलण्याचा सराव सुरू केला की चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला डोळे मिटत, मान छातीवर येई आणि पेला हातातून सुटे. आदल्या दिवशी जमलेली हालचाल दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागे. चेहऱ्यावर ना उत्साह, ना राग.

या अवस्थेची तीन स्पष्टीकरणे तोपर्यंत दिली गेली होती. मुलाच्या मते त्यांनी मनच टाकले होते. गावाकडच्या डॉक्टरांच्या मते रात्री झोप लागत नव्हती, म्हणून त्यांनी चार आठवड्यांपासून अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम रात्री सुरू केली होती. आणि रुग्णालयातील पुढच्या तपासणीत मॉन्ट्रियल आकलन चाचणीत ३० पैकी १४ गुण पडल्यामुळे पक्षाघातोत्तर स्मृतिभ्रंशाची शक्यता कागदावर लिहिली गेली होती.

तिन्ही स्पष्टीकरणे अगदीच निराधार नव्हती. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना कधी ना कधी नैराश्य येते, निद्रानाशही बऱ्याच जणांना होतो आणि आकलनातील घट तर नेहमीचीच. मात्र एकाही स्पष्टीकरणासाठी रुग्ण रात्री प्रत्यक्षात कसा झोपतो हे कुणी पाहिलेले नव्हते.

ते पाहिले मुलीने. ती कागलला दिलेली. दिवाळीला माहेरी आली असता वडिलांचा श्वास ऐकून घाबरली आणि तिने मोबाइलवर चित्रण केले. जेमतेम दोन मिनिटांचे ते चित्रण आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले. सोप्यातील कॉटवर ते उताणे झोपलेले, ट्यूबलाइट लावलेली, तोंड उघडे. मोठे घोरणे चढत जाते आणि एकदम थांबते. आवाज नाही, पण छाती आणि पोट आळीपाळीने उलट-सुलट हलत राहतात, जणू आतून कुणी दार ढकलते आहे. पंचवीसएक सेकंदांनी जोराचा हुंदका, अंगाला झटका, पाय आखडतो, पुन्हा घोरणे. दोन मिनिटांत हे तीन वेळा.

पत्नीला विचारले तेव्हा त्या अगदी सहज म्हणाल्या, “मधीच गप हुत्यात. मी उठून नाकाफुडं हात धरून बघतो. चालू झालं की मग पडतो.” हे त्या गेली कित्येक वर्षे करत होत्या. कुणी विचारले नाही, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते.

झोप आणि सावरणारा मेंदू

पुढचे निर्णय समजण्यासाठी इथे थोडे विवेचन आवश्यक आहे. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग बंद होतो आणि छाती श्वास घेण्याची धडपड करत असूनही हवा आत जात नाही, या विकाराला अवरोधक निद्रा-श्वासरोध म्हणतात. पक्षाघात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये तो कमी-अधिक प्रमाणात आढळतो. प्रत्येक वेळी श्वास अडला की रक्तातील प्राणवायू घसरतो, शरीर धोक्याची सूचना दिल्यासारखे रक्तदाब आणि नाडी वाढवते, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वासमार्ग उघडतो. रुग्णाला सकाळी यातले काही आठवत नाही. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरतो. या रुग्णांचा तो उतरत नाही, कधी चढतो. तीन गोळ्या घेऊनही न आवरणारा रक्तदाब हे म्हणूनच या विकाराचे महत्त्वाचे चिन्ह मानले जाते.

दुसरी बाजू शिकण्याची आहे. दिवसा सराव केलेली हालचाल झोपेत पक्की होते. पक्षाघाताच्या रुग्णांवरील प्रयोगांतही सरावानंतर झोप मिळालेल्यांची कामगिरी नंतर सुधारलेली दिसली आहे. गाढ झोपेत मेंदूतील टाकाऊ द्रव्यांचा निचरा अधिक होतो, असे उंदरांवरील संशोधनातून २०१३ मध्ये पुढे आले; माणसांमध्ये त्याचे नेमके प्रमाण किती यावर अजून काम चालू आहे, त्यामुळे त्यावर फार भर देणे आम्हाला योग्य वाटत नाही. शिकलेली हालचाल रात्रीतून पुसली जाते आहे, हे मात्र आमच्या डोळ्यांसमोर रोज घडत होते.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय गोळी बदलण्याचा किंवा वाढवण्याचा. घरच्यांची मागणी तीच होती, कारण रात्री चार-चार वेळा उठवण्याने पत्नीची अवस्था रुग्णापेक्षा बिकट झाली होती. पण अल्प्राझोलामच्या गटातील औषधे घशाचे स्नायू आणखी सैल करतात, अडलेल्या श्वासातून जाग यायला उशीर लावतात, आणि आधीच एका अंगाने दुबळा असलेला माणूस रात्री लघवीला उठताना पडण्याचा धोका वाढवतात. हा पर्याय आम्ही सर्वांत आधी बाद केला. सीमाभागातील खेड्यांत पक्षाघाताच्या रुग्णाला अशी गोळी किती सहज मिळते आणि एकदा सुरू झालेली गोळी किती दिवस चालू राहते, याची काळजी वाटावी अशी स्थिती आहे.

दुसरा पर्याय नैराश्यावर उपचार सुरू करून सहा आठवडे वाट पाहण्याचा. थकवा, झोपेची गडबड, लक्ष न लागणे ही लक्षणे नैराश्यात असतात तशीच श्वासरोधातही असतात. मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णाशी मराठीत सविस्तर बोलून असे मत दिले की खोल निराशा किंवा जगणे नकोसे होण्याची भावना नाही. नातवाचा विषय निघाला की चेहरा खुलतो. त्यामुळे नैराश्याचे औषध तूर्त सुरू केले नाही आणि महिन्याने पुन्हा पाहायचे ठरले.

तिसरा प्रश्न तपासणीचा होता आणि इथे मतभेद झाला. पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णाची झोपेची तपासणी घरी न करता प्रयोगशाळेत रात्रभर पूर्ण नोंदीसह करावी, अशी अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची शिफारस आहे. त्यामागचे कारण रास्त आहे. पक्षाघातानंतर घसा मोकळा असूनही मेंदूकडूनच श्वासाची आज्ञा न येण्याचा, म्हणजे केंद्रीय श्वासरोधाचा प्रकारही आढळतो, आणि घरच्या साध्या उपकरणाला दोन्हींतला फरक नेहमी नीट ओळखता येत नाही. दुसरीकडे, प्रयोगशाळेतील तपासणीची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळत होती, बेळगावपर्यंतचा प्रवास, अनोळखी खोली, एका अंगाने हलता न येणारा माणूस आणि सोबत कन्नड न येणारी पत्नी. आमच्यातील एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की नियम डावलू नयेत. अखेर असे ठरले की नाकातील हवेचा प्रवाह, छाती-पोटाच्या पट्ट्या, प्राणवायू आणि झोपण्याची बाजू या चारही गोष्टी नोंदवणारे उपकरण घरी लावायचे. निष्कर्ष नकारात्मक किंवा संदिग्ध आला, किंवा केंद्रीय प्रकार लक्षणीय दिसला, तर प्रयोगशाळेची तारीख राखून ठेवलेली आहेच. चित्रणात छाती-पोटाची धडपड स्पष्ट दिसत असल्यामुळे हा निर्णय घेण्याचे धैर्य आले. चित्रण नसते तर कदाचित पाच आठवडे थांबलो असतो.

तपासणी न करता घसा उघडा ठेवणारे श्वासयंत्र थेट देऊन पाहण्याची सूचनाही आली होती. ती आम्ही स्वीकारली नाही, कारण पहिल्याच आठवड्यात मास्क नकोसा झाला तर यंत्र उपयोगी नाही की निदान चुकीचे, हे सांगायला हाताशी काहीच राहिले नसते.

काय केले

सर्वांत आधी आकलन चाचणी पुन्हा घेतली, या वेळी मराठीत. पहिली चाचणी कन्नडमध्ये झाली होती आणि अडेल तिथे मुलाने भाषांतर करून सांगितले होते. शब्दांची यादी लक्षात ठेवणे, एका अक्षराने सुरू होणारे शब्द मिनिटभरात सांगणे, वाक्य जसेच्या तसे म्हणणे, या गोष्टी ज्या भाषेत माणूस विचार करतो त्याच भाषेत तपासल्या पाहिजेत. बाजारापुरत्या येणाऱ्या भाषेत त्या तपासल्या तर गुण भाषेचे पडतात. मराठीत, आणि सकाळी दहा वाजता, गुण १९ आले. घड्याळ काढताना त्यांनी डाव्या बाजूचे आकडे गाळले, म्हणजे उजव्या मेंदूच्या इजेमुळे डाव्या बाजूकडे होणारे दुर्लक्ष खरे होते. लक्ष टिकत नव्हते, हेही खरे. पण स्मृतिभ्रंशाचा शेरा घाईचा होता. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अशा रुग्णांची संख्या लहान नाही, आणि चाचणी कोणत्या भाषेत घेतली हे गुणांशेजारी लिहिण्याची पद्धत पडायला हवी, असे आम्हाला मनापासून वाटते.

एपवर्थ निद्राळूपणा मापनात २४ पैकी १७ गुण आले. १० च्या वर गुण असणे अतिरिक्त निद्राळूपणाचे मानले जाते. घोरणे, थकवा, श्वास थांबताना पाहिले जाणे, रक्तदाब, वय, मान, पुरुष असणे, अशी श्वासरोधाची शक्यता पाहणाऱ्या स्टॉप-बँग प्रश्नावलीतील आठपैकी सात उत्तरे होकारार्थी होती. घरी एका रात्रीची नोंद झाली. तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबत किंवा मंदावत होता (३० च्या वर तीव्र समजतात), प्राणवायू एका टप्प्यावर ७४ टक्क्यांपर्यंत उतरला होता, आणि बहुतेक घटना उताणे झोपलेले असतानाच्या होत्या. केंद्रीय प्रकार नगण्य होता.

उपचाराची सुरुवात यंत्र येण्यापूर्वीच झाली. अल्प्राझोलाम एकदम न तोडता, ती सुरू करणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून, त्यांच्याच हातून तीन आठवड्यांत हळूहळू बंद केली. त्यांनी पूर्ण सहकार्य केले. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात होती, ती सकाळी आणली. रात्री वारंवार लघवीला उठणे हे श्वासरोधातही होते, पण संध्याकाळच्या गोळीने त्यात भर पडत होती.

झोपण्याची बाजू बदलणे ऐकायला सोपे वाटते, तरी पक्षाघाताच्या रुग्णात ते जपून करावे लागते. डाव्या कुशीवर दुबळ्या खांद्यावर भार येऊन दुखणे वाढण्याची भीती होती. म्हणून उजव्या कुशीवर, डावा हात पुढे उशीवर ठेवून, गुडघ्यांमध्ये दुसरी उशी आणि पाठीशी वाकळीची घट्ट गुंडाळी, अशी रचना पत्नी आणि मुलाकडून आमच्यासमोर करून घेतली. कॉटचे डोके थोडे उंच केले. रात्रभर चालू राहणारी ट्यूबलाइट बंद करून मोरीच्या वाटेवर लहान दिवा लावला. उठण्याची वेळ सहा ठरली, मग रात्र कशीही गेलेली असो. सकाळी अंगणात उन्हात बसणे, दुपारी अर्ध्या तासाची एकच झोप, चारनंतर चहा नाही. चोरून चालू असलेली तंबाखू सुटायला वेळ लागला. फिजिओथेरपी दुपारी तीनवरून सकाळी दहाला आणली, आणि माझ्या मते सर्वांत स्वस्त व सर्वांत लवकर गुण देणारा बदल हाच होता.

सततच्या दाबाने हवा पुरवून घसा उघडा ठेवणारे यंत्र, म्हणजे सीपॅप, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाड्याने घेतले. ते घेण्यापूर्वी कुटुंबाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली. या यंत्राने दुसरा झटका टळतो असे सिद्ध झालेले नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेव्ह या मोठ्या अभ्यासात, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या सुमारे २,७०० रुग्णांमध्ये, यंत्र वापरणाऱ्यांत असे झटके कमी झालेले दिसले नाहीत. दिवसाची झोप आणि मनःस्थिती मात्र सुधारली. त्या अभ्यासात यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तास इतकाच होता, आणि आपल्या रुग्णाइतके अतिनिद्राळू लोक त्यात घेतलेलेच नव्हते, त्यामुळे त्याचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही आश्वासन द्यायचे ते एवढेच, की दिवसा जाग राहील आणि व्यायाम अंगी लागेल. मुलाने विचारले, “मग एवढा खर्च कशाला?” प्रश्न योग्य होता. महिनाभर भाड्याने वापरून, फरक पडला तरच पुढे जायचे, असे ठरले.

मास्कचा पहिला पंधरवडा कठीण गेला. तोंडाची डावी बाजू सैल असल्यामुळे ओठाच्या कोपऱ्यातून हवा सुटे आणि डोळ्यावर येई. नाकाचा मास्क बदलून नाक-तोंड झाकणारा घेतला, पण तो लावताना सुरक्षिततेचा प्रश्न आला. उलटी झाली किंवा वीज गेली तर एका हाताने तो काढता आला पाहिजे. गिळण्याची तपासणी पुन्हा केली; ती ठीक होती. मास्कच्या उजव्या पट्ट्याला पत्नीने जाड कापडाची लाल नाडी शिवली, ती ओढली की पट्टा सुटतो. दिवसा, जागेपणी, पंचवीस-तीस वेळा नाडी ओढण्याचा सराव झाल्यावरच मास्क रात्री लावला. नळी उजवीकडून घेतली, कारण डावीकडची वस्तू त्यांच्या लक्षातच येत नसे. ओलाव्याच्या टाकीत बोअरचे क्षारयुक्त पाणी न घालता बॅटरीच्या दुकानातून मिळणारे डिस्टिल्ड पाणी घालायला सांगितले आणि यंत्र घरातील इन्व्हर्टरवर जोडले.

परिणाम

यंत्रातील नोंदीनुसार पहिल्या पंधरवड्यात रात्रीचा सरासरी वापर दोन तासांच्या आसपास होता. जानेवारीच्या मध्यापर्यंत तो साडेचार तासांवर गेला. पत्नीने सांगितलेला पहिला फरक असा की दुपारी ते स्वतःहून ओसरीवर येऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. एपवर्थचे गुण तीन महिन्यांत १७ वरून ८ वर आले. रात्री उठणे चारवरून एकावर. त्याच तीन गोळ्यांवर रक्तदाब १५८/९६ वरून १३६/८४ वर आला, अर्थात तंबाखू आणि मीठ कमी झाल्याचाही त्यात वाटा आहे.

मराठीत घेतलेल्या आकलन चाचणीत मार्चमध्ये २३ गुण मिळाले. याचे सगळे श्रेय झोपेला देता येणार नाही. पक्षाघातानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मेंदू आपोआपही सावरतो आणि तीच चाचणी दुसऱ्यांदा देताना माणूस थोडा सरावलेला असतो. एक निरीक्षण मात्र आम्हाला महत्त्वाचे वाटते. सहाव्या ते अकराव्या आठवड्यात जवळजवळ सपाट राहिलेली हाताची प्रगती यंत्राचा वापर तीन तासांच्या पुढे गेल्यानंतर पुन्हा सुरू झाली, आणि एका दिवशी जमलेले दुसऱ्या दिवशी टिकू लागले. मार्चअखेर ते काठी घेऊन दूध डेअरीपर्यंत जात होते. डाव्या हाताने पेला धरता येत होता. सदऱ्याची बटणे लावता येत नव्हती, आणि ती अजूनही येत नाहीत.

मध्ये एकदा घसरणही झाली. फेब्रुवारीत त्यांच्या उसाची तोड आली आणि मुलगा सलग दहा-बारा दिवस टोळी, ट्रॅक्टर आणि कारखाना यांत अडकला. मास्क लावण्याचे काम एकट्या पत्नीवर आले, त्यांना पट्टे नीट जमेनात आणि वापर दीड तासावर घसरला. चार दिवसांत दुपारची झोप परत आली. पुनर्वसनाच्या आमच्या नोंदवहीत या दहा-बारा दिवसांचा खड्डा स्पष्ट दिसतो, आणि सगळी सुधारणा आपोआप झालेली नव्हती, यावर आमचा विश्वास बसायला तोच कारणीभूत ठरला. त्यानंतर शेजारच्या पुतण्याला आणि सुनेलाही मास्क लावायला शिकवले. फरक स्वतः पाहिल्यावर मुलाने यंत्र विकत घेण्याचा निर्णय घेतला.

रात्रीचे पाणी पाजणे पुतण्याने अंगावर घेतले आहे. रुग्णाला ते फारसे मान्य नाही. पाणी पाजायला आपण नसलो की उसाचे सरे कोरडे राहतात, अशी त्यांची तक्रार असते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी पहिल्या नऊ दिवसांत होती. जाड मान, न आवरणारा रक्तदाब, झोपेतच झालेला झटका, या तीनही गोष्टी केसपेपरवर वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या होत्या. घरी सोडताना रुग्णाला नव्हे, त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारला असता, की हे झोपेत घोरता घोरता मध्येच गप्प होतात का, तर उत्तर तिथेच मिळाले असते. प्रश्न बाईंना त्यांच्या भाषेत विचारला जाणे इथे आवश्यक आहे, कारण बेळगावच्या वॉर्डात डॉक्टरांशी बोलणारा बहुधा कन्नड येणारा मुलगा किंवा जावई असतो, आणि रात्र कशी जाते हे त्याला ठाऊक नसते.

प्रयोगशाळेऐवजी घरी तपासणी करण्याचा निर्णय या रुग्णात निभावला, पण तो नियम म्हणून आम्ही मांडत नाही. नोंद कमी तीव्रतेची आली असती, किंवा रुग्णाला हृदय निकामी होण्याचा त्रास असता, तर हाच निर्णय दिशाभूल करणारा ठरला असता. अशा वेळी पाच आठवडे थांबणे आणि तोवर कुशीवर झोपवणे, गोळी बंद करणे, व्यायाम सकाळी नेणे एवढे करणे अधिक योग्य झाले असते. या तिन्ही गोष्टींना तपासणीची वाट पाहावी लागत नाही. त्या पहिल्या भेटीतच सुरू होऊ शकतात आणि आता आमच्याकडे तशाच सुरू केल्या जातात.

मास्क लावायला सुरुवातीपासून दोघांऐवजी चौघांना शिकवायला हवे होते. ऊसपट्ट्यातील घरात तोडीच्या दिवसांत कर्ता मुलगा घरी नसतो, हे आधी गृहीत धरणे अवघड नव्हते.

पत्नीच्या झोपेचा विचारही उशिरा झाला. त्यांचा स्वतःचा रक्तदाब जानेवारीत पहिल्यांदा मोजला गेला आणि तो वाढलेला निघाला. त्या आता गोळी घेतात, आणि त्यांचे अंथरूण आतल्या खोलीत हलवले असून रात्रीची पाळी त्या आणि सून वाटून घेतात.

कर्नाटक सरकारने बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने २०२२ मध्ये ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह हा कार्यक्रम सुरू केला असून पक्षाघाताचा समावेश त्यात आहे. अशा कार्यक्रमातून तालुका पातळीवरील डॉक्टरांना प्रशिक्षण देताना घोरणे, श्वास थांबणे आणि दिवसाची झोप हे तीन प्रश्न, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत छापून, पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदाला जोडले गेले तर त्याला खर्च जवळजवळ नाही.

या रुग्णाच्या बाबतीत दोन गोष्टी बाकी आहेत. त्यांचे वजन सहा किलोने उतरले आहे, त्यामुळे यंत्राचा दाब पुन्हा ठरवण्यासाठी प्रयोगशाळेतील पूर्ण रात्रीची तपासणी या वेळी करायची आहे. आणि श्वासरोधाच्या रुग्णांत हृदयाची अनियमित लय अधिक आढळते, म्हणून चोवीस तासांहून अधिक काळाची हृदयनोंद घ्यायची आहे. ती पहिल्यांदा रुग्णालयात दाखल असताना फक्त एका दिवसाची झाली होती. अनियमित लय सापडली तर ॲस्पिरिनऐवजी वेगळे औषध द्यावे लागेल. दोन्हींची तारीख एकाच फेरीत बसवून घेण्याचा प्रयत्न चालू आहे.